डिस्लेक्सियाच्या बोर्डिंग स्कूलमध्ये पहिलं वर्ष: नव्या आईबाबांसाठी

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या डॉर्मसमोर गाड्या लागायला लागतात आणि मराठी घरातली गाडी मला लांबूनच ओळखू येते. डिकीत एक बॅग जास्तीची असते. वर चकल्या-चिवड्याचे डबे, खाली वर्कबुकांचा गठ्ठा. "सुट्टीत एवढी करून घेतली आहेत, उरलेली तुम्ही रोज दोन-दोन पानं करून घ्याल ना?" वर्कबुकं मी परत डिकीत ठेवायला लावते. डबे ठेवून घेते, पण आत शेंगदाणे आहेत का ते आधी विचारते. का, ते पुढे येईलच.

मी मूळची नाशिकची. मुंबईत काही वर्षं रेमेडियल टीचर, म्हणजे वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांना वेगळं शिकवणारी, होते. आता मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी शाळेत ट्युटर आहे आणि नवऱ्याबरोबर मुलांच्या डॉर्मच्या तळमजल्यावर राहते. दिवसा वाचायला शिकवायचं आणि रात्री वरच्या मजल्यावरचे दिवे बंद झाले का बघायचं, अशी दुहेरी नोकरी. न्यू जर्सीहून, बॉस्टनहून, कधी थेट पुण्याहून आलेले पालक दरवर्षी साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे लागतील त्या क्रमाने देते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या शाळांत जादू कसलीही नसते. रोज त्याच वेळी तीच गोष्ट, त्याच पद्धतीने, एवढंच असतं. पालकांच्या हातून बिघडतं तेही नेमकं हेच.

ही शाळा आपल्या मुलासाठी आहे का

फक्त डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचन-लेखनाच्या अडचणीसाठी काढलेली निवासी शाळा ही कल्पना अमेरिकेत जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यात, बफेलोपासून जवळ असलेल्या साउथ वेल्स नावाच्या खेड्यातली गाऊ स्कूल १९२६ सालची. कनेटिकटमधली फॉर्मन १९३० ची, मॅसॅच्युसेट्समधली लँडमार्क १९७१ ची. पहिल्या दोन निघाल्या त्याच सुमारास, म्हणजे १९२० आणि ३० च्या दशकांत, सॅम्युअल ऑर्टन हे डॉक्टर आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी अशा मुलांना शिकवायची जी पद्धत बसवली, तिचीच वेगवेगळी रूपं आज बहुतेक ठिकाणी वापरतात.

बुद्धी चांगली आहे, ऐकून सगळं कळतं, बोलताना हुशारी दिसते, पण पानावरचा शब्द सुटत नाही, स्पेलिंग राहत नाही, लिहायला बसलं की तासाभरात तीन ओळी होतात, अशा मुलासाठी या शाळा असतात. सोबत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची अडचण, असेल तर अडत नाही, तशी मुलं इथे भरपूर असतात. मुख्य अडचण वागण्याची किंवा मानसिक आजाराची असेल तर मात्र ही जागा चुकीची. "शिस्त लागेल" म्हणून घालत असाल तर घालू नका.

आपल्या घरांत निदान उशिरा होण्याचं एक खास कारण मी पुन्हा पुन्हा पाहते. मूल थोडंफार मराठी वाचतं. मराठीत क म्हणजे क, त्याला काना दिला की का. अक्षर आणि आवाज यांची जोडी सहसा बदलत नाही. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज सुमारे ४४, त्यामुळे एकाच अक्षराला चार कामं करावी लागतात. म्हणून हेच मूल मराठी हळूहळू का होईना बरोबर वाचतं आणि इंग्रजीत अडकतं. घरात निष्कर्ष निघतो: "मराठी येतं की त्याला! इंग्रजीचा आळस आहे." नीट ऐकलंत तर मराठीतही खुणा सापडतील. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल, पहिली-दुसरी वेलांटी कधीच न जमणं, जोडाक्षर आलं की थांबणं आणि मुख्य म्हणजे वेग. बारा वर्षांचं मूल एकेक अक्षर लावत वाचत असेल, तर बरोबर वाचतंय एवढ्यावर समाधान मानू नका.

आणि हो, घरी मराठी बोलणं थांबवू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. असा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल तर तो विसरून जा.

पायरी पहिली: कागद

प्रवेशासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे तपासणीचा अहवाल, तोही बहुतेक शाळांना तीन वर्षांच्या आतला लागतो. त्यात नुसता बुद्ध्यांक असून भागत नाही. शब्दातले आवाज सुटे करता येतात का, अर्थ नसलेले शब्द वाचता येतात का, ओळखीच्या गोष्टींची नावं भरभर घेता येतात का, वाचनाचा वेग किती, ऐकलेलं डोक्यात किती वेळ टिकतं, या प्रत्येकाचे वेगळे गुण हवेत. ट्युटर पहिल्या दिवशी तेच पान उघडते.

भारतातून येणाऱ्यांची इथेच गल्लत होते. ते सायन किंवा नायर रुग्णालयाचं प्रमाणपत्र घेऊन येतात. ते मोलाचं आहेच. महाराष्ट्राने १९९६ सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली, देशात सगळ्यांत आधी. पण त्या प्रमाणपत्राचा उपयोग सवलतीसाठी: जास्तीचा वेळ, लेखनिक, एखादी भाषा सोडण्याची मुभा. इथल्या शाळेला त्या प्रमाणपत्रामागचे आकडे हवे असतात. तपासणी जिथे झाली तिथून सविस्तर अहवाल मागून घ्या.

मुंबईत असताना मला एक गोष्ट सतत खुपायची. प्रमाणपत्र हातात आलं की घरात सुटकेचा निःश्वास पडायचा आणि वाचायला शिकवणं तिथेच थांबायचं. सवलत हवीच. पण लेखनिक मिळाला म्हणून बसवरची पाटी वाचता येत नाही.

पायरी दुसरी: पैसे

फीचा आकडा ऐकून खुर्ची घट्ट धरा. राहण्याजेवणासह वर्षाला ७५ हजार डॉलर आणि त्याहून वर, असा व्यवहार असतो. म्हणून चेक लिहिण्याआधी तीन गोष्टी बघा.

मूल अमेरिकेत सार्वजनिक शाळेत शिकत असेल, तर आयडीईए या विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली त्याला योग्य आणि मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो तुमच्या व्हिसावर अवलंबून नाही, नोकरीच्या एच-वन व्हिसावाल्यांनी उगाच मागे राहू नये. शाळा ते शिक्षण देऊ शकत नसेल, तर खाजगी शाळेचा खर्च डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडून, मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या बर्लिंग्टन आणि १९९३ च्या कार्टर खटल्यात हे मान्य केलेलं आहे. मात्र मूल काढून घेण्याच्या किमान १० कामकाजी दिवस आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर रक्कम कमी होऊ शकते किंवा बुडूही शकते. आधी प्रवेश घेऊन मग वकील शोधणारे पालक मी पाहिले आहेत. क्रम उलटा ठेवा.

दुसरं, कर भरताना. डॉक्टरांच्या शिफारशीने अशा खास शाळेत घातलेलं असेल, तर फी वैद्यकीय खर्चात धरता येते. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, पब्लिकेशन ५०२ मध्ये हे आहे. उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा भागच वजा होतो, पण एवढ्या फीपुढे तो भाग लहान नसतो. शिफारशीचं पत्र आधीच घेऊन ठेवा.

तिसरं, शाळेची स्वतःची आर्थिक मदत. विचारायला लाजू नका. भारतातून विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर येणाऱ्यांना डिस्ट्रिक्टचा मार्ग नसतो, त्यांनी तर आधी हेच विचारावं.

पायरी तिसरी: शाळा बघायला जाल तेव्हा

इमारत, तलाव, घोडे, क्लाइंबिंग वॉल हे सगळं दाखवतीलच. तुम्ही विचारा: ट्युटोरियल, म्हणजे वाचनाची खास शिकवणी, रोज असतं की आठवड्यातून तीनदा? एका ट्युटरसमोर किती मुलं? ट्युटरचं प्रशिक्षण कशात झालंय आणि तिच्यावर देखरेख कोण करतं? डॉर्ममध्ये रात्री कोण असतं, शिक्षकच की वेगळी माणसं? मुलं इथून सरासरी किती वर्षांनी आणि कुठे जातात?

आणि मुलाला एक दिवस वर्गात बसू द्या. संध्याकाळी "कशी वाटली?" असं विचारू नका, "बरी" एवढंच उत्तर येईल. "मोठ्याने वाचायला लावलं का कोणी?" असं विचारा. त्या उत्तरातून बरंच कळतं.

पायरी चौथी: बॅग

इथे जरा रेंगाळते, कारण पहिल्या आठवड्यातली निम्मी रड बॅगेतून निघते.

कपड्यांवर नाव घाला, पण सोबत एक रंग ठरवा. निळ्या दोऱ्याचे चार टाके प्रत्येक कपड्याच्या कॉलरला. धुण्याच्या ढिगातून नाव वाचत बसण्यापेक्षा निळा टाका पटकन सापडतो. घड्याळ काट्यांचं नको, आकड्यांचं द्या. काट्यांचं घड्याळ वाचणं यातल्या बऱ्याच मुलांना उशिरापर्यंत जड जातं आणि सकाळी सातला ती परीक्षा कशाला? गजर वेगळा हवा, कारण फोन रात्री जमा होतो. बुटांच्या नाड्या बांधता येत नसतील तर नाड्या नसलेले बूट घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, डॉर्ममध्ये निम्मी मुलं तसलेच घालतात. चादरी ट्विन एक्सएल मापाच्या, दोन जोड. थंडीचे कपडे आत्ताच घेऊन ठेवा. न्यू इंग्लंडमध्ये ऑक्टोबरअखेर हुडहुडी भरते.

देवाचा छोटा फोटो चालतो. निरांजन, उदबत्ती, कापूर चालत नाही. उघड्या ज्योतीवर बंदी असते आणि धुराचा अलार्म वाजला की रात्री दोन वाजता सगळी इमारत पायजम्यात बाहेर. एका श्रद्धाळू आजोबांनी नातवाच्या बॅगेत गुपचूप उदबत्तीचा पुडा सरकवला होता, म्हणून अनुभवाने सांगते.

खाऊ द्या, पण शेंगदाण्याशिवाय. दाण्याची चटणी, दाण्याची चिक्की, दाणे घातलेला चिवडा, सगळं घरी ठेवा. शेजारच्या पलंगावरच्या मुलाला ॲलर्जी असेल तर ती जिवावर बेतू शकते. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा डाळं घालून करा, सगळ्या डॉर्मला आवडतो. लसूण-चटणीचा डबा दोन पिशव्यांत बांधून द्या, नाहीतर रूममेटच्या रजईलाही वास लागतो. शाकाहारी असाल तर अंडं चालतं की नाही ते फॉर्मवर स्पष्ट लिहा. 'व्हेजिटेरियन' या एका शब्दातून इथल्या स्वयंपाकघराला ते कळत नाही.

औषधं बॅगेत ठेवायची नाहीत. सगळी, अगदी क्रोसिन आणि हिंगाष्टकसुद्धा, नर्सकडे मूळ डब्यांत द्यायची. आयुर्वेदिक गोळ्यांचं बिनलेबलचं पुडकं नर्स घेत नाही.

पायरी पाचवी: दिवस समजून घ्या

सकाळी सात. डॉर्म पेरेंट, म्हणजे डॉर्ममध्येच राहून मुलांकडे बघणारा मोठा माणूस, दारावर टकटक करतो. 'उठ, दात घास, गादी आवर, बॅग भर, औषध घे' असं एका दमात कोणी सांगत नाही. पाच सूचनांतली पहिली आणि शेवटचीच लक्षात राहते. त्याऐवजी दाराच्या आतल्या बाजूला चित्रांची यादी असते, एकेक झालं की पट्टी सरकवायची. हे बाळबोध वाटेल. चौदा वर्षांचं मूलही महिनाभरात त्या पट्टीशिवाय आवरायला लागतं, मग ती काढून घेतात.

माझ्या पहिल्या वर्षाची फजिती सांगते. शनिवारच्या सहलीची सूचना मी हाताने, छान वळणदार, एकमेकांना जोडलेल्या इंग्रजी अक्षरांत (कर्सिव्ह) लिहून दारावर लावली. बस सुटायच्या वेळी चौदापैकी पाच मुलं अंथरुणात. त्यांच्यातल्या कोणीच ती वाचली नव्हती आणि 'वाचता आली नाही' असं सांगायलाही कोणी आलं नव्हतं. तेव्हापासून सूचना मोठ्या छापील टायपात, तीन ओळींत, आणि जेवताना तोंडीही.

आठच्या सुमारास शाळा भरते. वर्गात पाच ते आठ मुलं. विज्ञान, इतिहास, गणित सगळं असतं, फक्त वाचनाची वाट अडलेली असल्यामुळे विषय अडवत नाहीत. धडा कानाने ऐकता येतो. मुद्दे लिहायचा आराखडा आधी आखून मिळतो.

या सगळ्याच्या मध्ये केव्हातरी ट्युटोरियल. ४५ ते ५० मिनिटं, रोज, बहुधा एकास एक. तुम्ही ज्यासाठी पैसे मोजता ते हे.

सुरुवात कार्डांनी. कार्डावर अक्षर किंवा अक्षरांचा गट, मुलाने आवाज म्हणायचा. अक्षराचं नाव नाही, आवाज. मग उलटं. मी आवाज म्हणते, मूल बोटाने वाळूच्या ताटात अक्षर काढतं आणि काढता काढता मोठ्याने म्हणतं. डोळा, कान, जीभ, हात सगळे एकदम कामाला. अमेरिकेत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजोबांची धुळपाटी आठवली. पाटीवर धूळ पसरून बोटाने धुळाक्षरं गिरवायची आणि तोंडाने घोकायची, तसंच.

मग बोटांच्या टिचक्या. 'शिप' या इंग्रजी शब्दात अक्षरं चार पण आवाज तीन. अंगठा एकेका बोटाला टेकवत श्, इ, प् म्हणायचं आणि मग सलग ओढून शब्द. त्यानंतर शब्दाचे तुकडे पाडणं. इंग्रजी शब्दांचे तुकडे सहा प्रकारचे असतात. 'कॅट'सारखा मागून व्यंजनाने बंद केलेला, म्हणून स्वर आखूड. 'गो'सारखा उघडा, म्हणून स्वर लांब. 'केक'सारखा, ज्याच्या शेवटी मुका ई बसून आधीच्या स्वराला लांबवतो. असे आणखी तीन. प्रकार ओळखला की उच्चार ओळखता येतो. नियम एकावर एक, पायरी न गाळता.

इथे पालक एकदा तरी विचारतातच: "हा 'प्लॅब', 'ट्रिस्प' असले निरर्थक शब्द का वाचतोय?" कारण खरा शब्द तो ओळखीने, चित्रावरून, पहिल्या अक्षरावरून ठोकून देतो. हुशार मूल अंदाजावर चौथी-पाचवीपर्यंत निभावून नेतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. 'ट्रिस्प'चा अंदाज करता येत नाही, तो वाचावाच लागतो.

शेवटी श्रुतलेखन आणि जेवढं शिकवलंय तेवढेच नियम असलेला उतारा. त्यात न शिकवलेलं काही येत नाही. चुकायची वेळच कमी यावी, असा तो बेत असतो.

दुपारी खेळ किंवा कला, आणि ते सक्तीचं. सुतारकाम, फुटबॉल, नाटकाचे सेट, रोबोटिक्स. 'तो वेळ अजून एक ट्युटोरियल घ्या' अशी विनंती मला दरवर्षी एक तरी बाबा करतात. दिवसभर जे जमत नाही तेच करून थकलेल्या मुलाला दोन तास जमणारं काहीतरी करू द्या. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "डिस्लेक्सियावाले सगळे जिनियस असतात, आईनस्टाईन बघ" हे मुलाला सांगू नका. आईनस्टाईनला डिस्लेक्सिया होता याला ठोस पुरावा नाही, आणि मुलाला जिनियस व्हायचं नसतं, त्याला मेन्यू कार्ड वाचता यायला हवं असतं.

सहाला जेवण. सात ते नऊ स्टडी हॉल.

मुलाला घरी ठेवून दिवसा शाळेत पाठवण्याऐवजी निवासी का ठेवायचं, याचं उत्तर या दोन तासांत आहे. खोलीचं दार उघडं, फोन बाहेर, एक शिक्षक फेऱ्या मारतो. आज काय आलंय ते डायरीत बघायचं, सोपं आधी की अवघड आधी ते ठरवायचं, वीस मिनिटांनी उठायचं, परत बसायचं. पुस्तकं बरीचशी कानाने. इथे लर्निंग ॲली आणि बुकशेअर या ऐकता येणारी पुस्तकं पुरवणाऱ्या संस्थांचं सभासदत्व असतंच. लर्निंग ॲली १९४८ साली सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायला. आज तिचे कितीतरी श्रोते डिस्लेक्सियाची मुलं आहेत. "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, फसवणूक आहे" असं घरी म्हणत असाल तर थांबवा. उलगडून वाचायला शिकायचं ते ट्युटोरियलमध्ये. इतिहास समजून घ्यायचा तो कानाने. दोन्ही चालू ठेवायचं.

आणि विचार करा, हेच दोन तास घरी कसे जायचे? बाबा कामावरून दमून आलेले, आई पोळ्या लाटता लाटता "वाच, पुन्हा वाच" म्हणतेय, नऊला दोघांपैकी एक रडतंय. आता ते काम पगारी माणसं करतात. तुम्हाला फक्त आईबाबा राहायचंय.

साडेनऊ-दहाला दिवे बंद.

पायरी सहावी: पहिले सहा आठवडे आणि तो फोन

फोन येणार. रविवारी रात्री, दिवे बंद व्हायच्या आधी, रडवेला. "मला न्या. इथे कोणी माझ्याशी बोलत नाही. जेवण घाण आहे." तुम्ही किल्ल्या उचलाल. उचलू नका. "ऐकलं मी. उद्या संध्याकाळी पुन्हा बोलू," एवढं म्हणा आणि फोन ठेवल्यावर डॉर्म पेरेंटला मेसेज करा. आम्ही वर जाऊन बघतो. बहुतेक वेळा बघेपर्यंत साहेब कॉरिडॉरमध्ये मोजे फेकून खेळत असतात. तसं नसेल तर तेही आम्ही त्याच रात्री कळवतो. मूल सलग दोन आठवडे जेवत-झोपत नसेल, कोणी त्रास देतंय असं म्हणत असेल, किंवा एकदम गप्प झालं असेल, तर मात्र वाट बघू नका, फोन करा आणि या.

फोनवर मार्क विचारू नका. "आज काय वाचलंस?" हेही नको. रूममेटचं नाव, जेवणात काय होतं, कोण हरलं, एवढं पुरे. लांबलचक मेसेज टाइप करून पाठवू नका, तो वाचणं म्हणजे त्याला आणखी एक गृहपाठ. आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आजी-आजोबांना तर हे फारच सोयीचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे साताऱ्यात पहाटेचे चार, तेव्हा फोन जमत नाही. पण आजीने सकाळी देवपूजा झाल्यावर रेकॉर्ड केलेलं दोन मिनिटांचं बोलणं नातू जेवणानंतर ऐकतो. आमच्याकडे एक मुलगा आजीचा मेसेज रूममेटला ऐकवून भाषांतर करून सांगायचा. आजी गावातल्या म्हशीबद्दल सांगत होती.

सणांचं. गणपती बऱ्याचदा शाळा सुरू होताहोताच येतात आणि दोन दिवस घरी न्यायचा मोह होतो. पहिल्या वर्षी नेऊ नका. घडी बसत असते, ती मोडली की पुन्हा पहिल्यापासून. मोदक पाठवा. दिवाळीसाठी मात्र ऑगस्टमध्येच लेखी रजा मागून ठेवा, बहुतेक शाळा देतात.

मंडळात आणि नातेवाइकांत काय सांगायचं, हाही प्रश्न येतो. त्यांना "बोर्डिंगला आहे" एवढं पुरे. पण मुलाला स्वतःला त्या शब्दाची चोरी वाटता कामा नये. घरात डिस्लेक्सिया हा शब्द चष्म्यासारखा सहज वापरा. आई खालच्या आवाजात बोलायला लागली की मूल समजायचं ते समजतं.

पायरी सातवी: प्रगती कशी बघायची

नोव्हेंबरमध्ये पहिला अहवाल येतो आणि काही पालक हादरतात. मूल आधीपेक्षा हळू वाचतंय! याचं कारण बहुधा चांगलं असतं. अंदाज करणं सुटलंय आणि खरोखर वाचणं सुरू झालंय. वेग नंतर येतो.

म्हणून ए-बी-सी श्रेणींकडे बघू नका. ट्युटरला तीन आकडे विचारा: निरर्थक शब्द किती बरोबर, मिनिटाला शब्द किती, शिकवलेल्या नियमांपैकी किती पक्के. सप्टेंबर, जानेवारी, मे असे तीनदा विचारा आणि मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आकड्यांशी करा. स्पेलिंग सगळ्यात शेवटी सुधारतं, काहींचं आयुष्यभर कच्चं राहतं. त्यासाठी स्पेलचेक आहे.

मुलं इथे साधारण दोन ते चार वर्षं राहतात, मग बहुतेक नेहमीच्या शाळेत परततात. परत जाताना उपयोगी पडतं ते स्वतःबद्दल सांगता येणं. "मला सूचना लेखी द्या, परीक्षेला दीडपट वेळ लागतो, फळ्यावरचं उतरवून घ्यायला जमत नाही, फोटो काढू का?" हे मूल स्वतः शिक्षकांसमोर बोलायला शिकतं. पुढे कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेला जास्तीचा वेळ मागतानाही तेच लागतं. मीटिंगमध्ये त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका, अडखळू द्या. हे आपल्या पालकांना सगळ्यात जड जातं.

महाराष्ट्रातच साध्या वसतिशाळेत घालणाऱ्यांसाठी थोडं. पाचगणी असो की आणखी कुठे, माहितीपत्रकात 'रिसोर्स रूम' (अशा मुलांना वेगळी मदत देण्याची खोली) असं लिहिलेलं असलं तर तिथे रोज कोण बसतं आणि तुमच्या मुलाला आठवड्यातून किती तास मिळतील ते लेखी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया ज्यात मोडतो तो प्रकार, आलेली आहे, तेव्हा "आमच्याकडे असं काही नसतं" हे उत्तर चालवून घेऊ नका. रात्रीच्या अभ्यासाला पन्नास मुलं एका हॉलमध्ये आणि एक वॉर्डन अशी व्यवस्था असेल, तर ट्युटरची सोय आधी करा, प्रवेश मग.

पहिली सुट्टी

ऑक्टोबरातला लांब वीकेंड छोटा असतो. खरी पहिली सुट्टी थँक्सगिव्हिंगची, नोव्हेंबरच्या शेवटी. मूल घरी येऊन पहिले दोन दिवस नुसतं झोपेल. झोपू द्या. धुण्याची बॅग दारातच रिकामी करा, तिच्यात एखादा ओला टॉवेल असतोच. वर्कबुकं माळ्यावर टाका. पाहुण्यांना बोलावलंत तर "वाचून दाखव ना काय शिकलास ते" असं कोणी म्हणणार नाही, एवढं आधीच बघा. आवडीचं जेवायला घाला, केस कापून आणा.

परत सोडायला रविवारी निघाल तेव्हा हायवेवर भयंकर गर्दी असते, दुपारी बाराच्या आत निघा. संध्याकाळी सहापर्यंत पोचलात तर त्याला मित्रांबरोबर जेवता येतं आणि सातच्या स्टडी हॉलला तो सगळ्यांबरोबर बसतो. खोलीपर्यंत जाऊ नका, खालीच टाटा करा. डबे माझ्याकडे द्या.